मेद आणि मातृत्व : प्रयोगशाळेतील उंदरांची साक्ष

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गाने गुरुग्राम ओलांडून मानेसरच्या दिशेने निघालेल्या प्रवाशाला रस्त्याच्या दुतर्फा दोन प्रकारच्या पाट्या पुनःपुन्हा दिसतात : एक वजन उतरवून देण्याचे आश्वासन देणाऱ्या व्यायामशाळांच्या, आणि दुसऱ्या अपत्यप्राप्तीसाठी उपचार करणाऱ्या दवाखान्यांच्या. हा मुलूख १९६६ पर्यंत पंजाबात मोडत होता. गहू, बाजरी, दूध आणि तूप हे येथील अन्न, आणि शेतातील अंगमेहनत हा येथील दिनक्रम. १९८३ साली मारुतीची पहिली मोटार येथल्या कारखान्यातून बाहेर पडली, आणि त्यानंतरच्या चार दशकांत शेतांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. अन्नातील स्निग्धांश होता तेवढा राहिला, किंबहुना वाढला, परंतु तो जिरवणारी मेहनत मात्र नाहीशी झाली. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील प्रौढ वयाच्या चार स्त्रियांपैकी जवळजवळ एकीचे वजन प्रमाणाबाहेर आहे, आणि हरियाणात हेच प्रमाण तिघींत एक असे पडते. नोकरीच्या निमित्ताने पुण्यामुंबईहून येऊन येथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही या बदलापासून अलिप्त राहिलेली नाहीत.

मूल होत नाही म्हणून दवाखान्याची पायरी चढणाऱ्या स्थूल स्त्रीला बहुधा पहिला सल्ला मिळतो तो ‘आधी वजन उतरवा’ असा. सल्ला योग्य असतो. पण त्यामागील कार्यकारणभाव तिला क्वचितच समजावून सांगितला जातो, आणि म्हणून तो सल्ला तिच्या कानी आरोपासारखा पडतो. घरातील वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून तर तो आरोप म्हणूनच उच्चारला जातो. मेद आणि मातृत्व यांचा संबंध नेमका कोठे जुळतो आणि कोठे तुटतो, हे शास्त्राने मुख्यत्वे प्रयोगशाळेतील मुक्या प्राण्यांकडून शिकून घेतले आहे. त्या प्राण्यांची साक्ष नीट ऐकली, तर वंध्यत्वाचे खापर स्त्रीच्या जिभेवर किंवा तिच्या आळसावर फोडणे किती अन्यायाचे आहे, हे ध्यानात येते.

या साक्षीचा आपल्या देशातील आरंभ निलगिरीच्या डोंगरात, कुन्नूर येथे झाला. तेथील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट मॅककॅरिसन या वैद्यकीय सेवेतील अधिकाऱ्याने १९१८ साली बेरीबेरी रोगाच्या चौकशीसाठी एक लहानसे खाते उघडले, आणि लवकरच तेथे विस्टार कुळातील पांढऱ्या उंदरांची पैदास सुरू झाली. मॅककॅरिसनने पुढे हिंदुस्थानातील निरनिराळ्या प्रांतांतील लोकांचा नित्याचा आहार तयार करवून तो उंदरांच्या वेगवेगळ्या गटांना खाऊ घातला, आणि कोणत्या आहारावर प्राणी कसा पोसला जातो याचा पद्धतशीर पडताळा घेतला. हातदळणाच्या गव्हाच्या पोळ्या, दूध, लोणी, डाळी आणि ताज्या भाज्या या शिखांच्या आहारावर वाढलेले उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले. त्यांच्या मागोमाग पठाणांच्या आहारावरचे, आणि तिसऱ्या क्रमांकावर मराठ्यांच्या आहारावर पोसलेले. पॉलिश केलेल्या तांदळावर सारी मदार असलेला मद्रासी आहार यादीच्या तळाशी राहिला. त्या काळी देशापुढचा प्रश्न उणिवेचा होता, आणि उंदरांना विचारलेला प्रश्नही उणिवेचाच होता : काय कमी पडले म्हणजे शरीर खुरटते?

ही संस्था १९५८ साली हैदराबादेस हलली आणि १९६९ पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. उंदरांचे ते जुने कुळही तिच्याबरोबर गेले, आणि पिढ्यान् पिढ्या आपसांतील संकराने शुद्ध राखले गेले. या कुळातच अखेरीस एक अनपेक्षित घटना घडली. साधे दाणापाणी खाणाऱ्या पिल्लांमध्ये काही पिल्ले महिनाभराची झाल्यावर भराभर फुगू लागली. त्यांची भूक शमेना, हालचाल मंदावली, आणि प्रौढपणी त्यांतील काहींचे वजन एक किलोच्याही पुढे गेले, जेव्हा त्यांची सडपातळ भावंडे काही शे ग्रॅमवरच थांबत. आनुवंशिक द्रव्यात आपोआप घडलेल्या एका बदलाचा हा परिणाम होता. एन. व्ही. गिरिधरन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ साली या नव्या वाणाचे वर्णन प्रसिद्ध केले. ज्या वंशावळीला एके काळी ‘पुरेसे खायला मिळाले नाही तर काय होते’ असे विचारले गेले, तिच्यातूनच ‘पुरेसे झाले हे शरीराला कळलेच नाही तर काय होते’ या प्रश्नाचे उत्तर देणारा प्राणी जन्माला यावा, हा आपल्या देशातील विज्ञानाचा एक विलक्षण योग आहे.

या वाणातील पिल्लांचे तीन प्रकार पडतात : आईबापांकडून सदोष घटक मिळालाच नाही ती सडपातळ, एकाच बाजूने मिळाला ती मध्यम अंगाची वाहक, आणि दोन्ही बाजूंनी मिळाला ती अतिस्थूल. अतिस्थूलांच्या रक्तात इन्शुलिन, कोलेस्टेरॉल आणि इतर स्निग्ध द्रव्ये अतोनात वाढलेली असतात, आणि त्यांचे आयुष्यही सडपातळ भावंडांच्या मानाने बरेच तोकडे असते. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळी आहे : अतिस्थूल नर आणि अतिस्थूल मादी दोघेही वंध्य असतात. त्यांच्यापासून वंश चालतच नाही. वाहक नर आणि वाहक मादी यांच्या मीलनातून होणाऱ्या पिल्लांपैकी सरासरीने चौथा हिस्सा अतिस्थूल निघतो, त्यावरच शास्त्रज्ञांना समाधान मानावे लागते. पोटभर अन्न, सुरक्षित पिंजरा, भरपूर साठा, आणि तरीही कूस रिकामी : हे कोडे उलगडायचे तर मादीच्या शरीरातील ऋतुचक्राचा कारभार आधी समजून घेतला पाहिजे.

उंदराच्या मादीचे हे चक्र अवघ्या चार ते पाच दिवसांचे असते, आणि ते वाचण्याची रीत १९२२ साली कॅलिफोर्नियातील लाँग आणि इव्हान्स या संशोधकांनी घालून दिली. रोज ठराविक वेळी मादीच्या योनिमार्गात काचेच्या बारीक नळीने क्षारयुक्त पाण्याचे एकदोन थेंब सोडायचे, ते परत ओढून काचपट्टीवर पसरायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, एवढीच ती रीत. माजाच्या आदल्या दिवशी त्या थेंबात गोलसर, केंद्रक स्पष्ट दिसणाऱ्या पेशींचे पुंजके असतात. प्रत्यक्ष माजाच्या वेळी त्या पेशी चपट्या, कडा दुमडलेल्या आणि केंद्रक हरपलेल्या होतात. नंतर सर्व प्रकारच्या पेशींची सरमिसळ दिसते. आणि अखेर विरामाच्या दिवसांत पांढऱ्या रक्तपेशींची गर्दी उसळते. निरोगी मादीच्या नोंदवहीत ही चार चित्रे जपमाळेच्या मण्यांसारखी एकामागून एक, न चुकता सरकत राहतात. स्थूल मादीच्या नोंदवहीत मात्र पांढऱ्या पेशींचाच मुक्काम दिवसेंदिवस लांबत जातो. माज उशिरा येतो, अनियमित येतो, आणि अतिस्थूल आनुवंशिक वाणांत तर येतच नाही. आपल्याकडचे गोपालकही अतिमांसल कालवड वारंवार उलटते, गाभण राहत नाही, हे अनुभवाने जाणून असतात; प्रयोगशाळेने त्या अनुभवाला रोजच्या नोंदीची जोड दिली.

या चक्राची सूत्रे मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात असतात. तेथील मोजक्या चेतापेशी एक संप्रेरक थेंबाथेंबाने सोडतात. ते लगतच्या पोष ग्रंथीला, म्हणजे पिट्युटरीला, जागे करते. पोष ग्रंथी दोन संप्रेरके रक्तात पाठवते, त्यांपैकी एक अंडाशयातील पुटके वाढवते आणि दुसरे पक्व पुटक फोडून बीज बाहेर काढते. वाढत्या पुटकातून इस्ट्रोजेन स्रवते, आणि त्याची पातळी पुरेशी चढली म्हणजे माजाच्या आदल्या दिवशी दुपारी पोष ग्रंथीतून दुसऱ्या संप्रेरकाचा लोंढा सुटतो व त्या रात्री बीजमोचन होते. या साखळीतील मर्म एर्न्स्ट क्नोबिल यांनी १९७० नंतरच्या दशकात ऱ्हीसस जातीच्या माकडिणींवर दाखवून दिले. मेंदूचे हे संप्रेरक तासाला एकदा, ठोक्याठोक्याने दिले तर पोष ग्रंथी व्यवस्थित काम करते. तेच संप्रेरक अखंड धारेने दिले तर ती काम थांबवते. म्हणजे प्रजननाची आज्ञा द्रव्याच्या राशीत जितकी आहे, त्याहून अधिक ती त्याच्या लयीत आहे, आणि लय बिघडवण्याचे सामर्थ्य ज्याच्या अंगी असेल, त्याच्या हाती वंध्यत्वाची किल्ली असते.

मेदाच्या अंगी हे सामर्थ्य कोठून आले? गर्भधारणा आणि स्तनपान यांइतका खर्चिक व्यवहार मादीच्या आयुष्यात दुसरा नाही, आणि निसर्गाने तो शिलकेचा आढावा घेतल्यावाचून सुरू न करण्याची व्यवस्था केलेली आहे. केनेडी आणि मित्र या दोघा संशोधकांनी १९६३ साली दाखवले, की उंदराच्या मादीचे वयात येणे तिच्या वयापेक्षा तिच्या वजनाशी अधिक निगडित असते. उपाशी ठेवलेली मादी वयात येत नाही, वजन भरताच येते. माणसांतही याची करुण नोंद सापडते : वऱ्हाडात १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दुष्काळांनंतर पाटलांच्या दप्तरांतून वर गेलेल्या जन्माच्या आकड्यांनी मोठी घट दाखवली. शरीराच्या राज्यात मेद हा खजिना आहे, आणि कोणत्याही शहाण्या राज्यात खजिन्याची शिल्लक मुख्य दरबारात रोज रुजू व्हावी लागते. ती वर्दी पोहोचली नाही, तर खजिना कितीही भरलेला असला तरी दरबार टंचाई समजूनच हुकूम काढणार.

ही वर्दी देणारा दूत शोधण्यास सुमारे अर्धशतक लागले. अमेरिकेतील मेन प्रांतात, बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ च्या सुमारास लहान उंदरांच्या, म्हणजे ज्यांना या लेखात मूषक म्हणू त्यांच्या, एका पिंजऱ्यात आपल्या भावंडांच्या तिप्पट वजनाचे होणारे प्राणी आढळले. त्यांच्या माद्याही वंध्य होत्या. त्यांच्या बीजांतच खोट असेल अशी शंका येणे स्वाभाविक होते. पण १९५० नंतरच्या दशकात या माद्यांचे अंडाशय काढून निरोगी मादीच्या अंगी बसवले, तेव्हा त्या अंडाशयांतील बीजांपासून पिल्ले जन्माला आली. अंडाशय निर्दोष होते. त्यांना जागे करणारी आज्ञाच वरून येत नव्हती. डग्लस कोलमन यांनी स्थूल आणि सडपातळ मूषकांचे रक्ताभिसरण एकमेकांस जोडून असा निष्कर्ष काढला, की निरोगी प्राण्याच्या रक्तात तृप्तीची वर्दी देणारे काहीतरी द्रव्य फिरते, आणि स्थूलांच्या एका जातीत ते द्रव्यच तयार होत नाही, तर दुसऱ्या जातीत ते विपुल असूनही त्याचा परिणाम होत नाही. १९९४ च्या डिसेंबरात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या द्रव्याचा जनुक शोधून काढला. ते द्रव्य म्हणजे मेदपेशींतून स्रवणारे लेप्टिन.

यानंतर १९९६ साली फरीद शेहाब यांनी केलेला प्रयोग या साऱ्या कथेचा कळसाध्याय म्हणावा असा आहे. ज्यांच्या शरीरात लेप्टिन तयारच होत नाही अशा मूषक माद्यांचे दोन गट त्यांनी केले. एका गटाला रोज लेप्टिनची सुई दिली, दुसऱ्याचे केवळ खाणे तोडून वजन उतरवले. दोन्ही गट सडपातळ झाले. पण उपासाने रोडावलेल्या माद्या वंध्यच राहिल्या, आणि लेप्टिन मिळालेल्या माद्या गाभण राहून व्याल्या. वजनाचा काटा दोघींनाही सारखाच साक्षी होता. फरक होता तो वर्दीचा. केवळ बारीक होणे म्हणजे सुफल होणे नव्हे, हा या प्रयोगाचा धडा आजही पुष्कळ दवाखान्यांच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे.

हैदराबादच्या उंदरांची कथा याच्या उलट टोकाची आहे. त्यांच्या रक्तात लेप्टिन विपुल असते, परंतु मेंदू त्याला प्रतिसाद देत नाही. दूत दारात उभा असतो आणि आतून कवाड लागलेले असते. लेप्टिनची दखल घेणाऱ्या ग्राहकाच्या जनुकाजवळच त्यांच्यातील आनुवंशिक दोषाचा ठाव लागला आहे. आणि येथेच माणसाचे या उंदरांशी असलेले साम्य अधिक गडद होते, कारण लेप्टिनचा संपूर्ण अभाव माणसांत अत्यंत विरळा. स्थूल स्त्रीच्या रक्तात लेप्टिन बहुधा भरपूर असते, आणि त्या भरपूरपणालाच मेंदू बधिर झालेला असतो. मेंदूच्या ज्या चेतापेशी प्रजननाची लय धरतात, त्यांच्यावर लेप्टिनचे ग्राहकही नसतात. मधल्या काही चेतापेशी ती वर्दी स्वीकारून पुढे कळवतात, आणि त्यांत किसपेप्टिन नावाचे द्रव्य स्रवणाऱ्या पेशींचा वाटा मोठा आहे. २००३ साली या द्रव्याच्या ग्राहकात दोष असलेली माणसे वयातच येत नाहीत असे दिसून आले, आणि पुढे स्निग्ध आहारावर स्थूल झालेल्या मूषक माद्यांच्या मेंदूत किसपेप्टिनचे उत्पादन घटलेले आढळले.

येथवर आनुवंशिक दोषांचा विचार झाला. पण मोठ्या शहरांतील स्थूलता बहुतांशी ताटातून आणि बैठ्या दिनक्रमातून आलेली असते, आणि तिचे प्रयोगशाळेतील प्रतिरूप म्हणजे चरबीयुक्त आहार देऊन लठ्ठ केलेला प्राणी. या बाबतीत २००४ साली टॉर्टोरिएलो, मॅकमिन आणि च्युआ यांनी एक विचारप्रवर्तक निरीक्षण नोंदवले. मूषकांच्या दोन शुद्ध वाणांच्या माद्यांना एकच स्निग्ध आहार दिला असता एका वाणात नैसर्गिक गर्भधारणा साठ टक्क्यांहून अधिक घटली, आणि दुसऱ्या वाणावर तसा परिणाम झाला नाही. शिवाय पहिल्या वाणातील माद्यांना पोष ग्रंथीची संप्रेरके बाहेरून दिली, तेव्हा त्यांच्या अंडाशयांनी प्रतिसाद दिला. दोष पुन्हा वरच्या दरबारातच निघाला. एकाच पंगतीत एकच जेवण जेवणाऱ्या दोन बहिणींपैकी एकीला दिवस जातात आणि दुसरीला जात नाहीत, याचे नवल वाटणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर ध्यानात ठेवावा, कारण आहार समान असला तरी तो स्वीकारणारी प्रकृती समान नसते.

इन्शुलिनचा मार्ग याहून निराळा आहे. स्थूल प्राण्याचे स्नायू आणि यकृत इन्शुलिनला दाद देईनासे होतात, म्हणून स्वादुपिंड ते अधिकाधिक तयार करते. पण शरीरातील सर्वच अवयव एकाच वेळी बधिर होत नाहीत. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली अशा मूषक माद्या तयार केल्या, की ज्यांच्या पोष ग्रंथीतूनच इन्शुलिनचा ग्राहक काढून टाकलेला होता. स्निग्ध आहारावर सामान्य माद्या लठ्ठ झाल्या, त्यांच्या रक्तात बीजमोचक संप्रेरकाची पातळी अवाजवी चढली आणि त्यांची प्रजननक्षमता ढासळली. ग्राहक काढलेल्या माद्याही तितक्याच लठ्ठ झाल्या, तरी त्यांची प्रजननक्षमता पुष्कळशी शाबूत राहिली. बाकीचे शरीर इन्शुलिनला कान देत नसताना पोष ग्रंथी मात्र त्याची हाक पुरेपूर ऐकत होती, आणि त्या अतिरेकी हाकेनेच कारभार बिघडत होता. तोच प्रकार अंडाशयात घडतो : वाढलेले इन्शुलिन आणि वाढलेले बीजमोचक संप्रेरक मिळून अंडाशयातील पेशींकडून टेस्टोस्टेरॉनसारखी पौरुषजनक द्रव्ये प्रमाणाबाहेर निर्माण करवतात, पुटके अर्धवट वाढून अडकून पडतात, आणि बीजमोचन टळते. स्त्रियांमध्ये याला पीसीओएस म्हणतात. १९३५ साली स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी त्याचे वर्णन केले, आणि आज तो शब्द घरोघरी पोहोचला आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात लेट्रोझोल या औषधाने उंदरांच्या माद्यांमध्ये याच विकाराचे प्रतिरूप घडवून त्याचा अभ्यास झालेला आहे. हे औषध पौरुषजनक द्रव्यांचे इस्ट्रोजेनमध्ये होणारे रूपांतर अडवते, आणि काही आठवड्यांत मादीचे ऋतुचक्र खंडित होते. नरांचाही प्रश्न दुर्लक्षिलेला नाही : मुंबईत परळ येथील प्रजननविषयक राष्ट्रीय संशोधन संस्थेने हैदराबादच्या संस्थेच्या सहकार्याने आनुवंशिक आणि आहारजन्य अशा दोन्ही प्रकारच्या स्थूल नरांची वृषणे तपासली, आणि दोहोंतील बिघाड सारखे नसल्याचे दाखवले. मूल होत नसले की केवळ सुनेला तपासायला नेणाऱ्या घरांनी हेही ध्यानात घ्यावे.

यापुढचा प्रश्न बीजाच्या गुणवत्तेचा आहे. मेंदूची लय सुधारली, बीजमोचन होऊ लागले, म्हणजे सर्व काही पूर्ववत झाले असे नाही. सेंट लुइस येथील केली मोले यांच्या प्रयोगशाळेने स्निग्ध आहारावरील मूषक माद्यांची बीजे बारकाईने पाहिली, तेव्हा त्यांतील ऊर्जा निर्माण करणारी मायटोकॉन्ड्रिया विस्कळीत आढळली, आणि गुणसूत्रांची समान वाटणी करणारा सूक्ष्म तर्कू अनेक बीजांत वेडावाकडा झालेला दिसला. अशा बीजातून गुणसूत्रांचा जमाखर्च चुकलेला गर्भ उद्भवतो, आणि तो बहुधा टिकत नाही. याच प्रयोगशाळेने २०१५ साली दाखवलेली गोष्ट अधिक चिंतेची आहे : माद्यांना पुन्हा साध्या आहारावर आणून त्यांचे वजन खाली आले, तरी बीजांतील दोष पूर्णपणे भरून निघाले नाहीत. उलटपक्षी ॲडलेड येथील संशोधकांनी २००८ साली अशाच माद्यांना इन्शुलिनची कार्यक्षमता वाढवणारे एक औषध गर्भधारणेपूर्वी दिले, तेव्हा त्यांच्या बीजांची वाढण्याची क्षमता सुधारली. म्हणजे नुकसान खरे आहे, काही अंशी टिकाऊ आहे, पण सर्वस्वी असाध्य नाही.

उंदरांची साक्ष माणसाला लावताना सावधगिरी बाळगलीच पाहिजे. स्त्रीच्या यकृतातून एक वाहक प्रथिन स्रवते, जे रक्तातील लैंगिक संप्रेरकांना धरून ठेवते. स्थूलतेत इन्शुलिन वाढले की हे प्रथिन घटते आणि मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढते. प्रौढ उंदरांच्या यकृतात हे प्रथिन तयारच होत नाही, म्हणून स्त्रीच्या विकाराचा हा धागा उंदरात शोधून सापडणार नाही. त्यांचे चक्र चार दिवसांचे, आपले महिन्याचे. त्यांना पाळी येत नाही. त्यांच्या कुशीत एका वेळी डझनभर पिल्ले वाढतात. तरीही मेंदू, पोष ग्रंथी, अंडाशय आणि मेद यांच्यातील संवादाची मूळ रचना दोहोंत समान आहे, आणि स्त्रियांवर जो प्रयोग करणे कोणत्याही नीतीत बसत नाही, तो करून मिळालेले ज्ञान या प्राण्यांच्या जिवावर मिळालेले आहे. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये अशा प्रयोगांवर देखरेख ठेवली जाते, ती केवळ उपचार म्हणून राहू नये; आणि त्या ज्ञानाचा उपयोग पुरता करून घेणे, हे त्या ऋणाचे आपल्याकडून होणारे किमान परिमार्जन आहे.

तो उपयोग कोणता, हे आता स्पष्ट सांगता येईल. प्राण्यांच्या साक्षीतून निष्पन्न होते ते हे, की स्थूल मादीचे वंध्यत्व म्हणजे खादाडपणाची शिक्षा नसून शरीरातील संदेशव्यवस्थेचा आजार आहे, आणि आजारावर उपाय असतो, उपहास नव्हे. पीसीओएस असलेल्या स्थूल स्त्रियांचे वजन पाच ते दहा टक्क्यांनी उतरले तरी त्यांच्यापैकी पुष्कळजणींचे बीजमोचन सुरू होते. म्हणजे ऐंशी किलोच्या स्त्रीला पन्नास किलोची होण्याची सक्ती नाही, चार ते आठ किलोंनीही मेंदूचे आणि इन्शुलिनचे सूत्र जुळू शकते. मात्र हे वजन उपासमारीने उतरवू नये, कारण उपासमार ही मेंदूला टंचाईचीच वर्दी देते, आणि टंचाईत शरीर काय करते हे वऱ्हाडच्या दप्तरांनी आणि केनेडी-मित्र यांच्या उंदरांनी आधीच सांगून ठेवले आहे. मंद गतीने, नियमित चालण्याने, रात्रपाळीतही वेळेवर घेतलेल्या जेवणाने आणि जरूर तेथे डॉक्टरांच्या औषधाने ते उतरवावे. आणि बीजांतील काही नुकसान नंतर भरून येत नाही हे खरे असेल, तर उपचाराची खरी वेळ लग्नानंतरच्या दवाखान्यात नसून त्याआधी कितीतरी वर्षे, शाळकरी वयात आहे : पाळी वारंवार चुकणाऱ्या मुलीला ‘लग्न झाले की ठीक होईल’ असे सांगून गप्प बसवण्याऐवजी तिची तपासणी करणे, तिला खेळायला मैदान आणि मैदानावर जायला मोकळीक देणे, हे गुरुग्रामच्या उंच इमारतींतील आणि पुण्याच्या वाढत्या उपनगरांतील आईबापांचे आजचे कर्तव्य आहे. त्या मुलीच्या भावी मातृत्वासाठी तर ते करावेच. पण ती आई होवो वा न होवो, तिचे आरोग्य हे तिचे स्वतःचे आहे, आणि तेवढे कारण पुरेसे आहे.